शिकस्त

[भारतीय महिलांचा बर्फावरील हॉकीचा संघ २०१६ साली प्रथम परदेशी स्पर्धेत उतरला. नव्या संघांच्या स्पर्धा कशा असतात, तेथे हरणारे संघ पुन्हापुन्हा का येतात आणि त्यातून काय मिळवतात, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, ‘बर्फ’ हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत ती बर्फ, मराठीत तो बर्फ, एवढाच काय तो फरक! आता सांगा, ठाणे, कल्याण, डोंबिवली, मुंब्रा किंवा भिवंडी येथे राहणाऱ्या माणसाला हा बर्फ कोठे भेटतो? सरबताच्या पेल्यात भेटतो. गोळेवाल्याच्या गाडीवर भेटतो. मासळी बाजारात पापलेट आणि सुरमई यांच्याखाली पसरलेला भेटतो. पहाटे कारखान्यातून बर्फाच्या मोठ्या लाद्या टेम्पोत भरून येतात. ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर गोणपाट टाकलेले असते. लादी बाजारात पोहोचेपर्यंत तिचे थोडे पाणी झालेलेच असते. आपल्याकडे बर्फ हातात येतो, पण पायाखाली कधी येत नाही.

आता थोडी कल्पना करा. ठाण्याचा मासुंदा तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तलावपाळीवर संध्याकाळी केवढी गर्दी असते! समजा, जानेवारीच्या एका सकाळी तुम्ही तेथे गेलात आणि सारा तलाव दगडासारखा घट्ट झालेला दिसला. होड्या जागच्या जागी अडकल्या आहेत. मुले काठावरून सरळ तलावावर उतरली आहेत आणि त्यावर धावत आहेत, घसरत आहेत, पडत आहेत, पुन्हा उठत आहेत. ठाण्यात असे कधीच होणार नाही. परंतु आपल्याच देशातील लडाखमध्ये दर हिवाळ्यात असे घडते.

लेह हे लडाखमधील मुख्य शहर. ते समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे रात्रीचे तापमान शून्याखाली पंधरा ते वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. लहानमोठी तळी गोठून जातात. सपाट जागेवर रात्री पाणी सोडले, तर सकाळपर्यंत त्याचा बर्फ होतो. लडाखमध्ये तैनात असलेल्या सैनिकांनी अशा बर्फावर हॉकी खेळायला सुरुवात केली. त्यांचे पाहून गावातील तरुण खेळू लागले. सामान कोठून आणायचे? लष्करी बुटांना खाली लोखंडी पाती ठोकून त्यांनी स्केट तयार केले. लाकडाच्या काठ्या केल्या. खेळ सुरू झाला.

मैदानावरील हॉकी तुम्हांला ठाऊक आहे. मेजर ध्यानचंदांचे नावही तुम्ही ऐकले असेल. त्या हॉकीत भारतीय पुरुष संघाने ऑलिंपिकमध्ये आठ वेळा सुवर्णपदक मिळवले. बर्फावरील हॉकी मात्र वेगळी आहे. यात चेंडू नसतो. त्याच्याऐवजी टणक रबराची एक काळी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. ही चकती साडेसात सेंटिमीटरांहून थोडी अधिक रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असते. तिचे वजन सुमारे १६० ते १७० ग्रॅम भरते. सामन्यापूर्वी ती थंडगार करून ठेवतात, कारण गरम रबर उसळी मारते आणि थंड रबर बर्फाला धरून घसरत जाते.

मैदान सुमारे ६० मीटर लांब असते आणि त्याच्या चारही बाजूंना फळ्यांची भिंत असते. त्यामुळे चकती सहसा बाहेर जात नाही. भिंतीवर आपटून ती पुन्हा खेळात येते. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांचा असतो. खेळाडूने नियम मोडला, तर त्याला साधारणपणे दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. खेळाचा वेग एवढा असतो, की कोणताही खेळाडू सलग फार वेळ टिकत नाही. पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचे, मग बाहेर येऊन बसायचे आणि दुसऱ्याने आत जायचे, असे सारखे चालू असते. कबड्डीत एक चढाई तीस सेकंदांची असते. येथे चढाईसारखाच जोर लावायचा, पण तोही धारदार पात्यांवर उभे राहून!

तुम्ही विचाराल, असा खेळ फक्त थंड देशांतच खेळला जात असेल ना? पूर्वी तसेच होते. कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंड या देशांत बर्फाला तोटा नाही. परंतु आज बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर, अबू धाबी अशा शहरांतही बर्फाची मैदाने आहेत. ही शहरे तर ठाणे-कल्याणपेक्षा थंड नाहीत. मग तेथे बर्फ टिकतो कसा?

याचे उत्तर तुमच्या बाजारात येणाऱ्या लादीत आहे. बर्फाच्या कारखान्यात मिठाचे पाणी खूप थंड करतात. मिठाचे पाणी शून्य अंशाखाली गेले, तरी लवकर गोठत नाही. त्या पाण्यात साध्या पाण्याने भरलेले उंच डबे बुडवून ठेवतात. डब्यांतील पाण्याची उष्णता बाहेरचे खारे पाणी ओढून घेते आणि डब्यात लादी तयार होते. बर्फाच्या मैदानात हीच युक्ती आडवी करून वापरतात. सिमेंटच्या जमिनीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते. नळ्यांमधून शून्याखाली थंड केलेले खारे पाणी किंवा दुसरा न गोठणारा द्रव फिरत राहतो. जमिनीवर साध्या पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारतात. प्रत्येक थर गोठला की पुढचा थर. असे करत करत तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ तयार होतो.

म्हणजे बर्फाचा कारखाना आणि बर्फाचे मैदान ही भावंडेच म्हणायची. याचे एक गमतीदार उदाहरण पाहा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात फ्रँक झांबोनी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा धंदा बर्फाच्या लाद्या विकण्याचा. घरोघरी फ्रिज आले आणि लाद्यांचा खप कमी होऊ लागला. तेव्हा त्यांनी बर्फ तयार करण्याचे आपले ज्ञान वापरून १९४० साली बर्फावर घसरण्याचे मैदान सुरू केले. पात्यांनी बर्फ खरवडला जातो. तो पुन्हा गुळगुळीत करण्यासाठी माणसांना बराच वेळ लागे. म्हणून १९४९ साली त्यांनी एक गाडी तयार केली. ही गाडी बर्फाचा वरचा थर तासते, तो गोळा करते आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जाते. आज जगभरच्या मैदानांवर दोन डावांच्या मधल्या वेळेत अशा गाड्या फिरताना दिसतात.

अशी मैदाने उभी राहिली आणि उष्ण देशांतील मुले-मुलीही हा खेळ शिकू लागली. पण शिकणे वेगळे आणि कॅनडासारख्या देशाविरुद्ध खेळणे वेगळे. ज्याने कालच पोहायला सुरुवात केली, त्याला कोणी भर समुद्रात शर्यतीला उतरवत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने जगातील संघांचे त्यांच्या ताकदीप्रमाणे गट पाडले आहेत. गटात पहिला आलेला संघ वरच्या गटात जातो आणि शेवटचा संघ खालच्या गटात उतरतो. आशियातील नव्या संघांसाठी ‘आशिया चॅलेंज चषक’ नावाची स्पर्धा २००८ साली हाँगकाँग येथे सुरू झाली. पुढे महिलांसाठीही अशी स्पर्धा होऊ लागली. येथे येणारे बहुतेक संघ नवखे. कोणाकडे मैदान आहे तर खेळाडू थोडे, कोणाकडे खेळाडू आहेत तर मैदान नाही. कोणी नोकरीतून रजा काढून आलेला, कोणी परीक्षा देऊन आलेला.

भारत या महासंघाचा सभासद १९८९ सालीच झाला होता. पण आपला पुरुष संघ अशा स्पर्धेत प्रथम उतरला तो २००९ साली, अबू धाबी येथे. महिलांना आणखी सात वर्षे थांबावे लागले.

लडाखमध्ये मुलीही हा खेळ खेळत होत्या. मात्र त्यांची वाट सोपी नव्हती. नैसर्गिक बर्फ डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने टिकतो. त्या दोन महिन्यांत आधी पुरुषांचे संघ खेळत. मग वेळ उरला तर मुलींची पाळी येई. स्केट आणि अंगावरचे संरक्षक साहित्य महाग. म्हणून ते भावाकडून, मित्राकडून किंवा दुसऱ्या संघाकडून मागून आणावे लागे. बूट मोठे झाले तर आत मोजे कोंबायचे. पण खेळायचे!

२०१६ साली तैपेई येथे होणाऱ्या महिलांच्या स्पर्धेत भारताचा संघ पाठवायचे ठरले. प्रवासाला पुरेसे पैसे नव्हते. तेव्हा वर्गणीसाठी लोकांना हाक दिली गेली. देशातील कितीतरी अनोळखी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले आणि मुली निघाल्या. ज्यांनी गोठलेल्या तळ्यांवर खेळ शिकला, त्यांच्यापुढे आता आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान, भिंतीवरून परत येणारी चकती आणि वर्षभर सराव करणारे संघ उभे होते.

त्या स्पर्धेत भारताला एकही सामना जिंकता आला नाही.

येथे थोडे थांबू या. तुम्ही उर्दू शिकता. उर्दूत पराभवाला ‘शिकस्त’ म्हणतात. मूळ शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थ मोडणे, तुटणे असा आहे. हाच शब्द मराठीतही आला. पण मराठीच्या अंगणात तो खेळला, वाढला आणि त्याने वेगळाच अर्थ घेतला. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ असे म्हणतात. त्याचा अर्थ आहे, आपल्याजवळ असेल नसेल ते सारे बळ लावणे, काहीही हातचे न राखता झटणे. डॉक्टरांनी रोग्याला वाचवण्यासाठी शिकस्त केली, असे आपण वाचतो. तेव्हा डॉक्टर हरले असे कोणी समजत नाही. उर्दूत शिकस्त खाल्ली जाते, मराठीत शिकस्त केली जाते. शब्द एक, पण एका भाषेत तो सामन्याचा निकाल सांगतो आणि दुसऱ्या भाषेत सामना कसा खेळला ते सांगतो.

तैपेईला भारताच्या मुलींना उर्दूतली शिकस्त मिळाली. पण त्यांनी मराठीतली शिकस्त केली होती की नाही, हे फळ्यावरच्या आकड्यांवरून कळत नाही. फळा फक्त झालेले गोल सांगतो. न झालेले गोल तो सांगत नाही. दुबळ्या संघाच्या गोलरक्षकाचा विचार करा. बलवान संघाचा गोलरक्षक पुष्कळदा नुसता उभा असतो. नव्या संघाच्या गोलरक्षकाला मात्र क्षणाची उसंत नसते. चकती पुन्हापुन्हा येतच राहते. ती पायाने अडवायची, हातमोज्यात पकडायची, कधी अंगावर घ्यायची. दहा गोल झाले, तर लोक दहा मोजतात. परंतु तिने तीस अडवले असतील, तर त्याचे काय? या खेळात गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्यांचीही अधिकृत नोंद ठेवतात. कागदावर तो आकडा असतो. तो वाचणारी माणसे कमी असतात, एवढेच.

त्या काळात भारताच्या गोलरक्षकांमध्ये नूरजहाँ ही लेहची खेळाडू होती. तिचे दुसरे काम ऐकून तुम्हांला नवल वाटेल. लडाखमधील जुन्या भिंतीचित्रांचे जतन करण्याचे शिक्षण तिने घेतले आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या चित्रांचा रंग उडू नये, पोपडे गळू नयेत म्हणून ती आपल्या सहकाऱ्यांसह हलक्या हाताने काम करते. एकीकडे तासन्‌तास एका वीतभर चित्रावर वाकून बसायचे आणि दुसरीकडे वेगाने येणारी चकती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अडवायची. दोन्हींकडे नजर तयार लागते आणि धीर लागतो.

पुढच्याच वर्षी, २०१७ च्या मार्च महिन्यात, हा संघ बँकॉकला गेला. तोवर लडाखचा बर्फ वितळू लागलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी मुलींनी दिल्लीजवळच्या गुरुग्राम येथे एका मॉलमधील लहानशा मैदानावर सराव केला. बँकॉकमध्ये त्यांचा एक सामना फिलिपाइन्सशी होता. सामना अटीतटीचा झाला. शेवटची शिटी वाजली तेव्हा फळ्यावर आकडे होते चार आणि तीन. चार भारताचे होते! आंतरराष्ट्रीय सामन्यातील हा या संघाचा पहिला विजय. या खेळात अशी पद्धत आहे, की सामना संपल्यावर दोन्ही संघ बर्फावर रांगेत उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचे राष्ट्रगीत वाजवले जाते. आतापर्यंत या मुली रांगेत उभ्या राहून दुसऱ्या देशांची राष्ट्रगीते ऐकत आल्या होत्या. त्या दिवशी प्रथमच ‘जन गण मन’ वाजले. अनेकींना रडू आवरले नाही. त्यानंतर त्यांनी मलेशियालाही ५–४ असे हरवले.

या विजयाने काय बदलले? जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाची विख्यात खेळाडू हेली विकेनहायझर स्वतः लेहला आली. तिने ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवली आहेत. ती सोबत भरपूर साहित्य घेऊन आली आणि तिने तेथील मुला-मुलींना शिकवले. संघातील मुली स्वतःही गावोगावी जाऊन लहान मुलींना बर्फावर उभे राहायला शिकवू लागल्या. आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या महिलांच्या आशिया चषक स्पर्धेत भारताने तिसरा क्रमांक मिळवून कांस्यपदक जिंकले. संघातील बहुतेक मुली लडाखच्या आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातील होत्या. तैपेईतील त्या स्पर्धेला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तैपेईला जे अनोळखी लोकांनी वर्गणी देऊन पाठवले होते, त्याचे फळ असे हळूहळू आले.

मित्रांनो, आता एक उलटा प्रश्न विचारतो. आपण जेथे नवखे आहोत, तेथे दुसऱ्यांनी आपल्याशी कसे वागावे असे आपल्याला वाटते? त्यांनी हसू नये, खेळू द्यावे, शिकवावे. मग आपण जेथे उस्ताद आहोत, तेथे नवख्यांशी कसे वागतो?

कबड्डी हा आपला खेळ. महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत, मैदानांत तो रुजला आहे. कबड्डीचा पहिला विश्वचषक २००४ साली मुंबईत झाला आणि त्यानंतरचा २००७ साली पनवेलला, म्हणजे कल्याणपासून फार दूर नाही. या स्पर्धांत जपान, इराण असे देश आले होते. त्यांच्यापैकी अनेकांना कबड्डी नवी होती. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवले. इराणचे खेळाडू परत गेले आणि पुन्हा सरावाला लागले.

इराणच्या महिला संघाला शिकवण्यासाठी नाशिकच्या शैलजा जैन गेल्या. भाषा वेगळी, देश वेगळा. तरी त्यांनी मन लावून शिकवले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत काय झाले ठाऊक आहे? महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पुरुषांच्या उपान्त्य सामन्यातही इराणने भारताला हरवले. त्या दिवशी अनेक भारतीयांना वाईट वाटले. ते साहजिकच होते. पण खेळाच्या दृष्टीने पाहिले, तर तो कबड्डीचा मोठा दिवस होता. जो खेळ एकच देश जिंकतो, तो जगाचा खेळ होत नाही. नाशिकच्या शिक्षिकेने आपली विद्या लपवून ठेवली नाही, म्हणून तो दिवस आला. पुढे २०२३ साली हांगझाऊ येथील आशियाई खेळांत भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली. मात्र महिलांचा अंतिम सामना अवघ्या एका गुणाने जिंकता आला आणि समोर होता तैपेईचा संघ! ज्या तैपेईत आपल्या मुली बर्फावर नवख्या म्हणून गेल्या होत्या, तेथीलच मुली आपल्या खेळात आपल्याला घाम फोडत होत्या.

इराणच्या मुलींची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या बर्फावरील हॉकीही खेळतात. शिरस्त्राणाखाली डोक्याला रुमाल बांधून त्या मैदानात उतरतात. त्यांच्यातील अनेक जणी आधी चाकांच्या स्केटवर हॉकी खेळत होत्या. तेहरानमध्ये बर्फाचे मोठे मैदान झाले, तेव्हा त्यांनी चाके काढली आणि पाती चढवली. २०२३ साली बँकॉकमध्ये आपल्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. चाकांवर घालवलेली वर्षे बर्फावर उपयोगी पडली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतही सोसायटीच्या आवारात, बागेच्या कडेला मुले-मुली चाकांचे स्केट बांधून फिरताना तुम्ही पाहता. त्यांच्याकडे आता जरा वेगळ्या नजरेने पाहा.

भारतात बर्फाची मैदाने थोडी आहेत. देहरादून येथे २०११ साली एक मोठे मैदान बांधले गेले. विजेचा खर्च परवडेना म्हणून ते अनेक वर्षे बंद पडले होते. २०२५ साली तेथे पुन्हा बर्फावरील आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या. लेहमध्येही आता यंत्राने बर्फ गोठवण्याची सोय झाली आहे. मैदान बांधणे सोपे असते, ते चालू ठेवणे कठीण असते. बर्फाला रोज वीज लागते आणि संघाला रोज सराव लागतो. दोन्हींत खंड पडला, की पाणी होते.

तुमच्या शाळेचा संघ आंतरशालेय स्पर्धेत उतरत असेल. कबड्डी असेल, खो-खो असेल, फुटबॉल असेल. कधी पहिल्याच फेरीत बाद होऊन तुम्ही रिक्षातून गप्प बसून परत आला असाल. मित्रांनी विचारले असेल, ‘हरणारच होता, तर गेलात कशाला?’ हा प्रश्न तैपेईहून परतलेल्या मुलींनाही कोणी विचारला असेल. पहिल्या वर्षी गेल्या नसत्या, तर दुसऱ्या वर्षी जिंकल्या असत्या का? घरच्या तळ्यावर आपण किती चांगले खेळतो, ते कळते. आपल्याला काय येत नाही, ते मात्र दुसऱ्याच्या मैदानावर गेल्याशिवाय कळत नाही. हे जाणून घेण्यासाठीच नवे संघ एवढ्या दूर जातात.

तेव्हा पुढच्या वेळी जा. नीट सराव करून जा. प्रतिस्पर्धी चांगला खेळला तर टाळ्या वाजवा आणि त्याचा डाव लक्षात ठेवा. तुमच्याकडे एखादा नवा संघ आला, तर त्याला हसू नका, त्याला एखादा डाव शिकवा. आणि घरी आल्यावर कोणी ‘काय झाले?’ असे विचारले, तर खुशाल उर्दूत सांगा किंवा मराठीत सांगा. ‘शिकस्त’ हा शब्द दोन्हींकडे चालेल. मात्र त्याचा मराठीतला अर्थ खरा केल्याशिवाय मैदान सोडू नका.

शब्दार्थ

गोणपाट – तागाचे जाडे कापड. चकती – सपाट, गोल तुकडा. नवखा – नव्याने आलेला, अनुभव नसलेला. वर्गणी – सार्वजनिक कामासाठी अनेकांनी मिळून दिलेले पैसे. उसंत – विश्रांती, मोकळा वेळ. जतन करणे – सांभाळून ठेवणे. उपान्त्य – शेवटच्या आधीचा. रुजणे – मूळ धरणे. शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी.

वाक्प्रचार

हातचे न राखणे – जवळचे सर्व देऊन टाकणे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच – अगदी क्षणात. घाम फोडणे – खूप श्रम करायला लावणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे किती उंचीवर आहे?
(आ) सामन्यापूर्वी पक थंड का करतात?
(इ) भारताच्या महिला संघाने पहिला विजय कोणत्या देशाविरुद्ध मिळवला?
(ई) शैलजा जैन यांनी कोणत्या देशाच्या संघाला कबड्डी शिकवली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बर्फाचा कारखाना आणि बर्फाचे मैदान यांत कोणते साम्य आहे?
(आ) ‘फळा फक्त झालेले गोल सांगतो,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
(इ) आशियाई खेळांतील इराणचा विजय हा कबड्डीचा मोठा दिवस का होता?

३. ‘शिकस्त’ या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.

४. उर्दूत आणि मराठीत आढळणारे पण अर्थ बदललेले आणखी तीन शब्द घरच्या माणसांना विचारून लिहा. (उदा. ‘जिद्द’ : उर्दूत हट्ट, मराठीत निश्चय.)

५. तुमचा संघ हरला, पण तुम्हांला काहीतरी नवे शिकायला मिळाले, अशा एका सामन्याविषयी दहा ओळी लिहा.